वॉलच्या बाजूला बसणारा माणूस

साळवे मिस्त्री वाफेचा वॉल उघडायला लागले की आधी खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून जवळ ठेवायचे. झाकणाचे आठही नट अर्धा अर्धा फेरा ढिले करायचे, पण एकही काढायचा नाही. मग लाकडी ठोकळ्याने झाकणाला बाजूने दोन टोले द्यायचे. मग पाना खाली ठेवून उठायचे, वॉलच्या समोर न थांबता चार हात बाजूला जाऊन उकिडवे बसायचे आणि वीस शेंगा फोडून खायच्या. तेवढ्या वेळात झाकणाखालून फुस्स झालं नाही, थेंब आला नाही, तरच पहिला नट काढायचा.

मी नवीन होते तेव्हा विचारलं, "मिस्त्री, शेंगा मोजूनच का खाता?"

"न मोजता खाल्ल्या तर घाईच्या दिवशी चारच खाऊन उठंल माणूस," ते म्हणाले.

शेंगांचा हंगाम नसला की फुटाणे असायचे. तेही वीसच.

आमची शेड न्हावऱ्याला, शिरूरहून दौंडला जाणाऱ्या रस्त्याला लागून. दोन्हीकडच्या कारखान्यांचे कंट्रोल वॉल दुरुस्तीला आमच्याकडे यायचे. कंट्रोल वॉल म्हणजे आपला साधा नळच, पण माणसाच्या छातीएवढा उंच. त्यातून वाफ जाते आणि ती किती जाऊ द्यायची ते तो आपल्या आपण कमीजास्त करतो. मी तिथे झाडायच्या कामाला म्हणून गेले होते. नवरा वारला होता, पोरं आपापल्या संसारात होती, आणि मला घरात बसून राहायचा कंटाळा येत होता.

पहिल्याच दिवशी साळवे मिस्त्रींनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि लोखंडाचं एक जड भांडं समोर ठेवलं. बादलीसारखं, पण वर-खाली उघडं, आणि अंगभर बारीक भोकं. शेकड्यांनी भोकं.

"ह्याला केज म्हणत्यात. उजेडाकडं धरा आन् बघा. कुठं अंधार दिसतोय?"

मी दारात बसले, केज मांडीवर घेतली आणि ओळीओळीने फिरवली. "सात ठिकाणी," मी म्हणाले.

ती केज दोन फिटरांनी आधीच 'साफ' म्हणून बाजूला ठेवली होती. मिस्त्री त्यांच्याकडे वळून म्हणाले, "ह्या आक्कांनी जन्मभर तांदूळ निवडल्यात. तुम्ही काय निवडलंय?" त्या दिवसापासून मी झाडणं सोडून केज धुवायला लागले. डिझेलमध्ये भिजवायची, ब्रशने घासायची, तांब्याच्या तारेने एकेक भोक मोकळं करायचं, मग उजेडाकडे धरायची. एका फिटरने एकदा माझ्यावर उपकार म्हणून भोकं ड्रिलने मोकळी करून दिली होती. भोकं रुंदावली म्हणून मिस्त्रींनी ती केज भंगारात टाकली आणि त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मला वाटायचं, लोखंडाच्या भोकांचं एवढं काय कौतुक? मग एक दिवस ते मला दौंडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात घेऊन गेले. तिथे एका जागी जुन्या पद्धतीचा वॉल होता आणि दुसऱ्या जागी आमचा, केजवाला. जुन्याजवळ मला दोन्ही कानांवर हात ठेवावे लागले. आवाज असा की दात शिवशिवले. आमच्या वॉलजवळ मात्र दोन माणसं हळदीच्या भावाबद्दल बोलत उभी होती आणि मला त्यांचा शब्दन् शब्द कळत होता.

"एका मोठ्या भोकातनं दाबाची वाफ सोडली तर ती किंचाळती," मिस्त्री म्हणाले. "बारीक बारीक भोकांतनं सोडली तर नुसती फुसफुसती. तुमची सात भोकं बुजली तर बाकीच्यांवर भार येतो. असं करत करत ती परत किंचाळाय लागती. माझा ह्यो कान असाच गेला."

त्यांचा डावा कान ठार गेला होता. पंधरा वर्षं अशाच एका किंचाळणाऱ्या वॉलशेजारी नोकरी केली होती, तेव्हा कानात कापूस घालायचंही कुणाला सुचलं नव्हतं. त्याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही, उलट सोय करून घेतली होती. शेडचे मालक सुभाषराव, माझ्या मुलाच्या वयाचे, घाई करायला आले की मिस्त्री हळूच डावा कान त्यांच्याकडे करायचे. मालक पाच मिनिटं ओरडायचे. मिस्त्री मान हलवायचे आणि आपल्या चालीनेच काम करायचे.

दिसायला काही खास नव्हते. काटकुळे, काळेसावळे, शर्ट कायम पँटीत खोचलेला. दौंडला घर, वडील रेल्वेत होते. बोलणं कमी, पण बोलले की लोक पुन्हा पुन्हा सांगायचे. नव्या माणसाला ते म्हणायचे, "वॉल मेलाय असं समजू नका. डोळं मिटून पडलाय." कुणी नट सुटत नाही म्हणून पान्याला लांब पाइप लावून लटकायला लागला की म्हणायचे, "नट न्हाई म्हणतोय. का न्हाई म्हणतोय ते तरी इचार त्याला."

वॉलच्या डोक्यावर तव्यासारखा डबा असतो आणि त्याच्यात भली मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. एकदा एक नवा फिटर त्या डब्याचे सगळे बोल्ट भराभर काढायला लागला. दोन लांब बोल्ट समोरासमोर शेवटपर्यंत ठेवायचे आणि ते दोन्ही थोडे थोडे सोडत स्प्रिंग सैल करायची, ही तिथली रीत. त्याने लांब बोल्टच आधी धरला. मिस्त्री त्याच्या मागून गेले, ओरडले नाहीत, फक्त त्याचं मनगट धरलं.

"लगीन झालंय का?"

"नाही अजून."

"मग तोंड संभाळ की. हे झाकण उडालं तर पोरगी कोण दील?"

सगळे हसले, तोही हसला. मिस्त्रींनी त्याच्याकडूनच ते काम पुरं करून घेतलं, शेजारी बसून.

अशा माणसाच्या कामात मी सुपारी टाकली. ते आता सांगते.

साखर कारखान्यांचे वॉल पावसाळ्यात, कारखाना बंद असताना दुरुस्तीला येतात आणि दसऱ्याच्या सुमाराला परत जातात, कारण मग बॉयलर पेटतो. त्यामुळे दसऱ्याच्या आधीचा आठवडा आमच्याकडे नुसती पळापळ. आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. मालकांच्या घरून ताट यायचं आणि हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडे असायचं. साळवे मिस्त्री बौद्ध. ते पूजेत नसायचे, पण कधी नाक मुरडायचे नाहीत. आम्ही उदबत्ती लावायचो तेव्हा ते बाहेर बसून पान्यांना तेल लावायचे. म्हणायचे, "तुमची तुम्ही करा, माझी मी करतोय." दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. खंडेनवमीला अर्धा दिवस काम करून, दौंडहून संध्याकाळच्या गाडीने, वस्तीतल्या लोकांबरोबर. एक वर्ष चुकलं नव्हतं.

त्या वर्षी टेबलावर एकच वॉल राहिला होता, त्याच दौंडच्या बाजूच्या कारखान्याचा. मिस्त्रींनी सकाळी आत केज बसवली, बॅटरी लावून पाहिली आणि वॉलच्या तोंडावर लाल फडकं बांधलं. लाल फडकं म्हणजे आत तपासून झालंय, आता कुणी हात लावायचा नाही. शेडमध्ये हा एकच कायदा होता. मग ते डबा खायला गेले.

मी ताट घेऊन आले. लेथला, ड्रिलला, वेल्डिंगच्या मशीनला, पान्यांच्या पेटीला विडा ठेवला. पाचवा विडा वॉलला. पण त्याच्या तोंडावर तेलकट फडकं. देवाच्या तोंडावर असलं फडकं ठेवून पूजा करणं मला बरं वाटेना. मी गाठ सोडली. कडेवर पान ठेवलं, पानावर सुपारी, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. मग न बघताच पान उचलून ताटात टाकलं, अक्षता पुसल्या आणि फडकं परत तसंच बांधलं. फडकी रोज मीच धुऊन द्यायची, गाठ मला पाठ होती.

मिस्त्री आले. बोल्टांवर हळदीचं बोट दिसलं तर हसले. "काय आक्का, वॉलचं लगीन लावलं व्हय?"

"बोल्टांना लावलं नुसतं."

"फडकं सोडलं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

का म्हणाले? बोलणी खायला नकोत म्हणून. दुसरं काही कारण नाही. आत मी बघितलं होतं, मला काही दिसलं नव्हतं. त्यांनीही वरून नजर टाकली, केज स्वच्छ होती. केजमध्ये वरखाली होऊन वाफ अडवणारा दट्ट्या आत सोडला, झाकण बसवलं, नट समोरासमोरचे घेत तीन फेऱ्यांत आवळले, हवा भरून तपासलं. सगळं ठीक. एक वाजता टेम्पो वॉल घेऊन गेला. मिस्त्रींनी हातपाय धुतले, पांढरा शर्ट घातला आणि थोड्या वेळाने निघाले.

मी टेबल आवरायला घेतलं. विडे गोळा केले. पानं पाच, सुपाऱ्या चार.

टेबलाखाली बघितलं. शेड झाडली. झाडलेली माती चाळणीतून चाळली. लेथच्या खाली हात घालून बघितलं. मग मला कळलं की ती कुठे आहे. कडेवरून घरंगळली होती, केजच्या मधून खाली गेली होती, आणि तिथून पार तळाच्या वळणात, जिथे वरून बॅटरीचा उजेड पोचत नाही.

मी तशीच निघाले. थांबा शेडपासून लांब नव्हता. मिस्त्री पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभे होते. मी बोलले, त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. फिरून उजवीकडे गेले.

"मिस्त्री, सुपारी गेली."

"कुठं गेली?"

"वॉलमधी."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "अख्खी का खांड?"

"अख्खी."

"फडकं सोडलं व्हतं?"

"व्हय."

"मघाशी इचारलं तवा न्हाई म्हणालात."

"व्हय."

तेवढ्यात दौंडची एसटी आली. "चढा," ते म्हणाले.

"मी कशाला?"

"सांगायला. मी कुठं सुपारी टाकलीय?"

गाडीत त्यांनी कारखान्याच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला. उचलला नाही. मला म्हणाले, "मालकांना तुम्ही सांगा." मी सुभाषरावांना फोन लावला आणि सांगितलं. ते इतके ओरडले की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

"सुपारीनं काय होतंय? वाफंत शिजून जाईल! कारखान्यात एक शब्द बोलायचा न्हाई, कळलं का? बोललीस तर उद्यापासनं शेडमधी पाय ठेवू नकोस. नाव जाईल माझं!"

मी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मिस्त्रींनी विचारलं.

"गप ऱ्हा म्हणाले. न्हाईतर काम बंद."

"मग?"

मला त्या वेळी उतरून माघारी जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, "मालक म्हणत्यात शिजून जाईल."

मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे केले. एक मूठ वर, एक तळवा खाली. "हे बघा. ह्या वॉलमधी वाफ खालनं येती आन् केजच्या भोकांतनं बाहीर जाती. वाफ सुपारीला वर आणंल. भोकातनं ती काय जायची न्हाई. ह्यो दट्ट्या बंद व्हायला खाली आला की मधी सुपारी." त्यांनी मूठ तळव्यावर टेकवली, पण पुरती नाही, बोटभर फट ठेवून. "कंट्रोल रूमच्या फळ्यावर दिसंल वॉल बंद. आत वाफ चालूच. पुढं कुणीतरी पाइप उघडंल. बंद हाय समजून. शिजायची तवर शिजंल सुपारी, पर तवर कोण उभा असंल तिथं?"

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. उतरले नाही.

कारखान्याच्या फाटकात मांडव घातला होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बॉयलर पेटणार होता, पाहुणे येणार होते. रांगोळ्या चालल्या होत्या. इंजिनिअर साहेब तरुण होते, अंगावर नवा शर्ट. मिस्त्रींना बघून म्हणाले, "अरे वा, मिस्त्री! वॉल बसवला पण आम्ही. पाणी भरून जोड पण तपासले. फर्स्ट क्लास."

मिस्त्री माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरले.

"साहेब, वॉलमधी सुपारी हाय," मी म्हणाले. "पूजेची. मी टाकली."

साहेब हसले. मग मिस्त्रींकडे बघितलं आणि हसायचे थांबले. "बाई, उद्या मुहूर्त आहे. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय."

"कशावरून आतच आहे?"

"पाच पानांवर पाच सुपाऱ्या ठेवल्या. चार सापडल्या. शेड झाडली, माती चाळली."

"आणि वॉल झाकलेला नव्हता?"

"व्हता. मी सोडला. मिस्त्रींनी इचारलं तर सोडला न्हाई म्हणून सांगितलं."

साहेबांनी विचारलं, "आणि हे सांगायला तुम्ही न्हावऱ्याहून आलात?"

"व्हय. एसटीनं."

त्यांनी कपाळावर हात मारला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आज दोन तासांचं काम हाय. उद्या वाफ घेतल्यावर दोन दिवसांचं."

मग साहेबांनी माणसं बोलावली. चेन-पुली आली. साहेब म्हणाले, "बॉयलर बंद आहे, लाइन थंड आहे, पाणी मघाशीच सोडून दिलंय. उघडा पटकन."

पटकन हा शब्द मिस्त्रींच्या डाव्या कानाला गेला असावा. त्यांनी आधी वॉलच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे हाताने फिरवायचे दोन्ही वॉल स्वतः बंद केले, त्यांना साखळ्या घालून कुलपं लावली आणि किल्ल्या खिशात टाकल्या. वॉलच्या डोक्याकडे जाणारी हवेची नळी सोडली. मग खालचा निचऱ्याचा नळ उघडला. एक थेंब आला नाही.

"बघा, सांगितलं ना, रिकामं आहे," साहेब म्हणाले.

"काय आलं न्हाई म्हंजी काय न्हाई, असं कुठं हाय?" मिस्त्री म्हणाले. "नळी बुजलेली बी असंल."

त्यांनी नट अर्धा अर्धा फेरा ढिले केले. साहेब समोरच उभे होते, घड्याळ बघत. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हिकडं या. बाजूला." साहेब नुसते हूं म्हणाले. मिस्त्रींनी ठोकळा खाली ठेवला. "तुम्ही समोर हाय तवर मी टोला मारणार न्हाई." तिसऱ्यांदा सांगितल्यावर साहेब तोंड वाकडं करत दोन पावलं सरकले. मिस्त्रींनी बाजूने टोला मारला.

झाकणाखालून पाण्याची पात सुटली. पातळ, पण अशी जोराची की समोरच्या खांबावर आपटून परत उडाली. खांबावरचा चुना निघाला. साहेबांचे बूट भिजले. दोन पावलांपूर्वी त्यांचं तोंड होतं तिथून ती पात गेली होती. निचऱ्याची नळी गंजाने बुजली होती आणि तपासणीच्या पाण्याचा दाब आतच कोंडून राहिला होता.

मिस्त्री बाजूला जाऊन बसले आणि पिशवीतून शेंगा काढल्या. गाडीत खायला म्हणून नेलेल्या होत्या. पाण्याची पात बारीक होत होत थांबली. मग ठिबकायचंही थांबलं. या खेपेला साहेबसुद्धा त्यांच्या शेजारी येऊन बसले. मिस्त्रींनी त्यांच्या हातात शेंगा दिल्या. साहेबांनी मुकाट्याने खाल्ल्या.

झाकण पुलीने वर घेतलं. त्याच्याबरोबर दट्ट्या वर आला. अर्ध्यात निसटून खाली पडू नये म्हणून मिस्त्री हात आत न घालता दोरीने त्याला धरून होते. केजच्या तळाशी सुपारी बसली होती. पाणी भरताना वर आली होती आणि वॉल बंद केला तेव्हा दट्ट्याखाली सापडली होती. एका बाजूने चेपली होती. मिस्त्रींनी गाडीत हातांनी दाखवलं होतं, अगदी तस्संच.

मी तिथल्याच एका पेटीवर बसले.

मिस्त्रींनी सुपारी चिमट्याने काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "घ्या. वॉलनी खाल्ली न्हाई."

मग साहेब हसले, पुलीवाले हसले, मीसुद्धा हसले.

दट्ट्याला चरा पडला नव्हता. मिस्त्रींनी त्याच्यावर नख फिरवून तीनदा बघितलं. झाकणाखाली दाबून बसणारी चकती, गॅसकेट, मात्र त्यांनी फेकली. साहेब म्हणाले, चांगली दिसतेय की. मिस्त्री म्हणाले, "एकदा दाबली की तिचं काम झालं. दुसऱ्यांदा ती नुसती दिसती चांगली." नवी त्यांनी टेम्पोबरोबरच जादा पाठवलेली होती. झाकण ठेवलं. नटांवर खडूने आकडे घातले. एक, मग त्याच्या समोरचा, मग आडवा. तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीला साहेबांच्या हातात पाना देऊन म्हणाले, "तुम्ही बी बघा किती लागतंय." निचऱ्याची नळी बदलून घेतली. सगळं झाल्यावर खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि कुलपं उघडली. दिवस मावळत होता.

त्यांच्या लोकांची गाडी तोवर गेली होती. साहेबांनी कारखान्याची जीप देऊन त्यांना दौंड स्टेशनात सोडलं आणि मला न्हावऱ्याला. मागाहून कळलं, मिस्त्रींना मिळाली त्या गाडीत उभं राहून जावं लागलं आणि ते दुपारी नागपुरात पोचले. मी म्हणाले, माझ्यामुळे उशीर झाला. ते म्हणाले, "पोचलो की. आमची माणसं बी सापडली."

दसऱ्याला मी शेडमध्ये गेले नाही. बोलावलंच नव्हतं. दुपारी इंजिनिअर साहेबांचा फोन आला. वाफ घेतली होती. त्यांनी फोन वॉलजवळ धरला. बारीक फुसफुस ऐकू आली, बाकी ढोलताशाच जास्त. "ऐकलं ना बाई?" ते म्हणाले. ऐकलं. मग मी जेवले आणि दुपारची झोपले, संध्याकाळपर्यंत उठले नाही.

मिस्त्री परत आले त्या दिवशी मालकांनी दोघांनाही समोर उभं केलं. कारखान्यात सगळीकडे झालं होतं, सुभाषरावांच्या शेडमधून वॉलबरोबर सुपारी फुकट मिळते म्हणून. मालक लालबुंद. "मिस्त्री, तुम्हीच सांगा, हिला ठेवू का काढू? फडकं सोडलं, खोटं बोलली, वर माझं न ऐकता तिकडं जाऊन बोंबलली."

मिस्त्री या खेपेला उजवा कान पुढे करून ऐकत होते. म्हणाले, "काढा की. चूक तर केलीच हाय त्यांनी." मग ते म्हणाले, "पर मालक, एक करा. बाकीच्यांना बी सांगून ठेवा, आक्कांनी येऊन सांगितलं म्हणून काढलं. म्हंजी पुढच्या येळेला कोण सांगायचं न्हाई, आन् तुमचं नाव बी जायचं न्हाई. वाफच सांगंल."

मालक बराच वेळ टेबलावरचे कागद इकडून तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "जा, कामाला लागा." पुढच्या वर्षीपासून खंडेनवमीची पूजा सकाळी आठला, कुठलाही वॉल उघडायच्या आधी. तो कायदा मालकांनीच केला, आणि आपल्याला सुचला असं सगळ्यांना सांगतात.

मिस्त्री त्यानंतर तीन वर्षं होते. डोळ्याला कमी दिसायला लागलं तसं त्यांनी स्वतःच काम सोडलं. कुणी म्हणालं, नुसते बसून राहा, पोरांवर लक्ष ठेवा. ते म्हणाले, "न दिसणारा माणूस लक्ष ठेवतोय म्हटल्यावर पोरं निवांत व्हतील. ते बरं न्हाई." शाल-नारळ घेतला, दौंडला गेले, परत आले नाहीत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. आता दुसरा कानही गेलाय. दारात खुर्ची टाकून बसले होते. मला लांबून ओळखलं नाही, जवळ गेल्यावर ओळखलं. सुनेने चहा केला. मी हातवारे करून शेडचं सांगत होते, कोण आहे, कोण गेलं, नवीन उत्तर प्रदेशातले दोघे फिटर आलेत, चांगले आहेत. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. मधेच मला थांबवून त्यांनी मोठ्याने विचारलं, बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो तसा.

"मी गेल्यापासनं कुणाला लागलं का? भाजलं, कापलं, काय?"

मी हात हलवून सांगितलं, नाही. कुणालाच नाही.

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. एकदा मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, तेव्हा बघणारच. मग त्यांचे खांदे सैल पडले आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"मग जेवूनच जावा, आक्का," ते म्हणाले.

मी जेवून आले.